मैदानाच्या कडेने चालणाऱ्या मुलीचे नाव शाळेतून न काढण्याबाबत

प्रति,
मा. गटशिक्षणाधिकारी साहेब,
पंचायत समिती, पोलादपूर,
जिल्हा रायगड.

अर्जदार: कोंडाजी मालोजी उतेकर, मूळ रा. करंजकोंड, वरची वाडी. सध्या खालच्या वाडीत चुलत्यांच्या घरी.

विषय: माझी मुलगी अंकिता, इयत्ता तिसरी, हिला मतिमंद मुलांच्या निवासी शाळेत न पाठवता गावच्याच शाळेत ठेवण्याबाबत व तिच्यासाठी विशेष शिक्षिका मिळण्याबाबत.

संदर्भ: शाळेने मुलीच्या दप्तरातून पाठवलेली चिठ्ठी.

महोदय,

माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले आहे. अर्ज मी स्वतः लिहीत आहे. लिहिण्यात कमीजास्त झाल्यास सांभाळून घ्यावे.

१. गेल्या जुलैत आमच्या वरच्या वाडीवर दरड आली. त्या वेळी मी बिरवाडीला खोली घेऊन कंपनीत कामाला होतो. रस्ते बंद झाल्याने मला पोचता आले नाही. माझी पत्नी गीताबाई हिने मुलीला सकाळीच खालच्या वाडीत माझ्या चुलतीकडे आणून सोडले होते. गाभण म्हैस गोठ्यात राहिली म्हणून ती परत वर गेली. त्यानंतर ती दिसली नाही. माती उपसली, चर मारले, ओढ्याच्या खालपर्यंत शोधले. काही जणांची माणसे मिळाली. माझे मिळाले नाही.

२. आमच्यात माणूस सापडला नाही तर दर्भाचा माणूस करून त्याला अग्नी देतात. तसे आम्ही केले. पत्नीची एकही साडी शिल्लक नव्हती, म्हणून चुलतीची नेसवली; मुलगीही तिला काकीच म्हणते. मुलीला घरात ठेवा असे मी सांगितले होते, पण गर्दीत ती मागून आली. तिने साडी ओळखली. सगळ्यांसमोर म्हणाली, "ही आय नाय. ही गवताची हाय. साडी काकीची हाय." माझे चुलते गोमाजी म्हणाले, "गप ऱ्हा गो. आता हीच तुजी आय." ते वयस्कर आहेत, त्यांच्या मनात वाईट नव्हते. तिथपासून ती कमीच बोलते.

३. दिवाळीनंतर रस्त्यावरची आणि ओढ्यातली दरडीची माती काढण्याचे काम निघाले. ती टाकायला जागा हवी होती. शाळेपुढे भाताचे खाचर होते, त्यात पाणी साचून पोरांना चिखल व्हायचा. गावाच्या सभेत ठरले की माती तिथे टाकावी, म्हणजे पोरांना मैदान होईल. कोणीच नको म्हटले नाही. डंपर आले, जेसीबीने सारखे केले, वरून रोलर फिरवला. सव्वीस जानेवारीला त्या मैदानावर झेंडा लागला. सर्वांना आनंद झाला. साहेब, मैदान चांगलेच झाले आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

४. मुलगी त्या मैदानावर पाय ठेवत नाही. वरच्या वाडीची माती तांबडी आहे, खालची काळी. ते लहान मूलही ओळखते. ती गटाराच्या दगडांवरून कडेकडेने चालत जाते आणि शाळेच्या पायरीवर चढते. प्रार्थनेला सगळी मुले मैदानात रांगेत उभी असतात, ही पायरीवर उभी असते. राष्ट्रगीताला ती हलत नाही, सावधान असते, पण पायरीवर. शाळेच्या चिठ्ठीत लिहिले आहे की मुलगी शिस्त मोडते. मी ते नाकारत नाही. मी फक्त ती कोणत्या जागी उभी असते ते लिहिले.

५. चिठ्ठीत मारामारीचाही उल्लेख आहे. ते असे झाले. त्या मातीत आमच्या घरांच्या कौलांचे तुकडे आहेत. मुलांनी ते वेचून लगोरी रचली. मुलेच ती, खापऱ्या दिसल्या की लगोरी रचणार. ऋत्विक नावाच्या मुलाने चेंडू मारून ती फोडली. अंकिता पायरीवरून धावत गेली आणि त्याच्या हाताला चावली. धावताना ती मैदानावर गेली हे तिच्या नंतर लक्षात आले आणि ती आहे तिथेच उभी राहिली, ना पुढे ना मागे. गुरुजींनी तिला उचलून आणले. तेव्हा ती लाकडासारखी ताठ झाली होती असे ते म्हणाले. मग तीन-चार दिवस ताप होता. ऋत्विकच्या घरी जाऊन मी माफी मागितली. त्याची आई चांगली बाई आहे, म्हणाली, "भावजी, पोरीला कुनाला तरी दाखवा हो." पण वर्गातली मुले आता तिला पायरीवरची म्हातारी म्हणतात. एक जण म्हणाला, "अंके, पाय लाव गो, तुजी आय गुदगुल्या करील." हे मला तिने सांगितले नाही. चुलत्याच्या नातवाने सांगितले, आणि सांगताना तो हसत होता, मग माझ्याकडे बघून हसायचा थांबला.

६. मुख्याध्यापक गुरुजींना मी दोष देत नाही. ते मला म्हणाले, "उतेकर, मी एकटा चार वर्ग बघतो. मी डॉक्टर नाही. हिला समजणारी माणसं दुसरीकडे आहेत." दुसरीकडे म्हणजे मतिमंद मुलांची निवासी शाळा. ती येथून लांब आहे. मुलगी तिथेच राहणार आणि सुट्टीत घरी येणार. तिथे चौकशी केली तर डॉक्टरांचा दाखला आणा म्हणाले. मी मुलीला सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी डोळे पाहिले, कान पाहिले, हातपाय वाकवून पाहिले, पाढे विचारले. तिने सत्तावीसचा पाढा म्हटला. डॉक्टर हसले, म्हणाले, "हिला कशाला आणलंय?" आणि अपंगत्व नाही असे लिहून दिले.

आता अडचण अशी झाली आहे. निवासी शाळा म्हणते, मुलगी चांगली आहे, आम्हाला घेता येणार नाही. गावची शाळा म्हणते, मुलगी बरी नाही, आम्हाला ठेवता येणार नाही. अपंग मुलांसाठी गावोगाव फिरणाऱ्या विशेष शिक्षिका आपल्याकडे आहेत असे कळले म्हणून विचारणा केली, तर अपंगत्वाचा दाखला असल्याशिवाय त्यांना पाठवता येत नाही असे समजले. एकाने मला सुचवले की दुसऱ्या डॉक्टरकडे न्या आणि मुलीला सांगा, पाढा म्हणू नको. साहेब, मी तिला तसे सांगितले नाही. आईने शिकवलेले तिच्याकडे तेवढेच राहिले आहे. ते येत नाही असे सांग, असे मी तिला कसे म्हणू?

७. मागच्या आठवड्यात गुरुजींनी मला शाळेत बोलावले. म्हणाले, तुम्ही स्वतः मैदानावर उभे राहून तिला दाखवा की तिथे काही नाही, मग तिची भीती जाईल. मला ते पटले. मुले वर्गात बसली होती, अंकिता पायरीवर होती. मी गटाराजवळून मैदानाच्या कडेला गेलो, चपला काढल्या आणि मैदानावर गेलो. मधोमध उभा राहून तिला म्हणालो, "ये गो. बघ, काय नाय हितं."

ती माझ्याकडे बघत नव्हती. कडेला काढलेल्या चपलांकडे बघत होती. म्हणाली, "मग चपला का काढल्यास, बाबा?"

चपला काढल्या हे मला तोवर कळलेच नव्हते. देवळात जाताना, खळ्यात जाताना, मसणवटीत जाताना आपण काढतो, हात आपोआप जातो. गुरुजींनी स्वतः येऊन माझ्या चपला उचलून मला आणून दिल्या. मी त्या हातात धरून बाहेर आलो.

तरी विनंती की,

मुलीचे नाव काढू नये. तिला लांब पाठवू नये. एक माणूस न सांगता गेले, दुसरे मी हाताने पोचवून यावे असे माझ्याच्याने होणार नाही. तिला पायरीवर उभे राहू द्यावे, मी शाळेला तसे लिहून देण्यास तयार आहे. मुलांना कोणीतरी समजावून सांगावे, मारून नव्हे.

मैदान उकरावे असा अर्ज करा, असे मला काही जण म्हणाले. मी तो करत नाही. उकरून काही निघाले नाही तर ती विचारेल, मग आय कुठे? आणि निघाले तर ते तिला दाखवावे की नाही हे मला ठरवता येणार नाही.

विशेष शिक्षिका दाखल्याशिवाय पाठवाव्यात. त्यांचे शिक्षण कसे असते मला माहीत नाही. फक्त एवढे सांगावे की त्यांनी आल्याबरोबर तिला तिथे काही नाही असे सांगू नये. ते मला माहीत नाही, गुरुजींना माहीत नाही, आपणासही माहीत नाही, आणि आम्हाला माहीत नाही हे तिला माहीत आहे. उत्तर नसताना तिच्याशेजारी पायरीवर बसू शकेल असे कोणी आपल्या खात्यात असेल तर त्यांना पाठवावे. मी बसलो होतो, पण मला रडू येते, आणि मग तीच माझे डोळे पुसत बसते. तिचा अभ्यास बुडतो.

आपल्या उत्तरावर मुलीची शाळा अवलंबून असलेला,
आपला नम्र,

(सही)
कोंडाजी मालोजी उतेकर
करंजकोंड, ता. पोलादपूर
दि. १४ मार्च २००६

सोबत:
१) शाळेची चिठ्ठी.
२) अपंगत्व नसल्याबद्दल डॉक्टरांचा दाखला.
३) पत्नीचा फोटो जोडता आला नाही. घरात होता.