चौदा हजार फुटांवरचं पोट

लडाख, ८ जून २०२५

ती. पप्पा आणि मम्मीस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

इथं फोनला रेंज नाही आणि जीप आठवड्यातून एकदाच लेहला जाते, म्हणून कागद. मी ठणठणीत आहे. मम्मीसाठी हे आधी लिहिलं.

पप्पा, पहिला निकाल आला! घर सोडण्याआधी दिलेला पोटाचा नमुना आणि इथं चौदा हजार फुटांवर सहा आठवडे काढल्यावरचा, दोन्ही ताडून पाहिले. तुकडीतले आम्ही बाराही जण सपाटीवरून आलेले. सगळ्यांच्याच आतड्यातल्या जंतूंची वस्ती बदललीय, पण सगळ्यात जास्त माझी. खाली भरपूर असलेली एक जात इथं जवळजवळ नाहीशीच झालीय. भूक मंदावली, आणि विरळ हवेत नुसतं बसलं तरी शरीर जास्त इंधन जाळतं. माझं वजन अडीच किलो उतरलं. तीस तारखेला दिल्लीहून मोठे शास्त्रज्ञ येणार आहेत. आमच्या प्रमुख श्रद्धा मॅडम म्हणाल्या, पहिला आलेख विजयश्रीचा लावायचा आणि तिनंच तो समजावायचा.

आनंदानं अन्न जात नाही की उंचीमुळं, कळेना. जेवणाची वही तीनदा तपासली. निघण्याआधीचा महिनाभर घरची साधी चपाती, रोज ग्रॅममध्ये तोललेली. शाळेत घालण्याआधी तुम्ही मला व्हर्नियरच्या मोजपट्टीवर आकडे वाचायला शिकवलंत, त्याला बट्टा लागू दिला नाही.

माया आहे तशीच राहू द्या.
तुमची विजू


आकुर्डी, १७ जून २०२५

चि. विजयश्रीस,
जयभीम आणि भरभरून आशीर्वाद.

फर्स्ट शिफ्ट करून चाकणहून आलो तर पत्र दारात. शेजारच्या सोपानरावांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, राव, पोरीनं आता पोटातल्या किड्यांचीपण जनगणना काढली. मी म्हटलं, घाट चढताना गाडीचं ॲव्हरेज बदलतं, तर माणसाचं का नाही?

तुझी मम्मी मात्र 'घरची साधी चपाती' ऐकून पुढचं न ऐकताच स्वयंपाकघरात गेली. जेवताना विचारलं, तेव्हा निघालं. तिकडं भाजी मिळत नाही असं कुणीतरी तिला सांगितलेलं, आणि घाबरलीस की तुझं पोट अडतं हे तिला ठाऊक. म्हणून तो महिनाभर कणकेत रोज मूठभर इसबगोल. मी चिडलो, तर म्हणाली, "पोरीचं पोट साफ राहावं म्हणून घातलं, विष नाही घातलं."

खरं लिहितो, दोन दिवस हे पत्र लिहायलाच घेतलं नाही. वाटलं, कुणाला कळणार? तुझा आलेख पहिला लागतोय. पण कंपनीत मशीनच्या सेटिंगनंतरचा पहिला नग चुकला तर मी अख्खा लॉट थांबवतो. घरी वेगळा नियम कसा लावू? काय करायचं ते तू ठरव.

रागावलीस तरी उत्तर पाठव.
तुझे पप्पा, धम्मरत्न


लडाख, १ जुलै २०२५

ती. पप्पा आणि मम्मीस,
सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र सव्वीसला मिळालं. अर्धा तास रडले, मग ते तसंच मॅडमपुढं ठेवलं. माझ्यातल्या नाहीशा झालेल्या त्या जंतूंचं खाणंच इसबगोलसारखा कोंडा. ते उंचीमुळं गेले की कोंडा बंद झाला म्हणून, आता सांगता येत नाही. मॅडमनी माझं नाव खोडलं.

सगळ्यात जास्त हसला आमच्या बारांतला आळंदीचा गणराज. म्हणाला, चपाती तोलली, पण आईला तोलायला विसरली. मॅडमनी शांतपणे जीपच्या दोन जादा फेऱ्या करून सगळ्यांना लेहला नेलं आणि घरी फोन करायला लावला. गणराजच्या आईनं महिनाभर त्याच्या चहात त्रिफळा टाकलेला. आणखी दोघांच्या घरी असंच काही. चौघं बाद.

पण पप्पा, उरलेल्या आठ जणांचे आकडे मी स्वतः पुन्हा मांडले. बदल लहान दिसतो, पण आठही जणांत एकाच दिशेनं. काल तोच आलेख मी समजावला, आणि माझा का नाही हेही. शास्त्रज्ञांतल्या सगळ्यात वयस्कर बाईंनी हळूच सांगितलं की निघताना त्यांच्याही बॅगेत आईनं ओवा भरलाय.

मम्मीवर राग नाही, सांगा तिला. पुढच्या तुकडीच्या फॉर्ममध्ये मी एक प्रश्न वाढवलाय: 'नमुना देणाऱ्याला न सांगता घरून काय खायला घातलं?' उत्तर आईनं लिहायचं, आणि सही तिचीच.

लोभ वाढता असू द्या, फक्त मला सांगून.
तुमची विजू