मापापेक्षा मोठा इंटरकूलर

लिहून ठेवणार मी, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा मोटार दुरुस्ती. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. माझ्यावर कुणाचं दडपण नाही. दुपारी डोळा लागतो तेव्हा मी बराच वेळ दुसरीकडेच असतो, पण हा कागद जागेपणी लिहीत आहे. यापूर्वी कुठे काही लिहिलं असल्यास ते रद्द समजावं. माझ्या मागे माझ्या मिळकतीची व्यवस्था पुढीलप्रमाणे व्हावी.

१. राहतं घर, दोन खोल्या आणि गच्ची, माझ्या एकुलत्या मुलीला. गच्चीचं दार फुगलं आहे, खांद्याने ढकलावं लागतं. ते तसंच राहावं असं मला वाटतं, पण घर तिचं, मी सांगणारा कोण.

२. माझ्या दिवंगत पत्नीचं शिलाई मशीन, कापड कापायची डावखुरी कात्री आणि खडूंचा डबा, हेही मुलीलाच. कात्री सव्वीस वर्षं वापरात नाही. तरी दर महिन्याला मी तिला तेल देत आलो. का, ते पाचव्या कलमात येईल.

३. शेजारच्या रंगाऱ्याला काहीही देऊ नये. माझा ग्राइंडर त्याने 'आत्ता आणतो' म्हणून नेला, त्याला आठ वर्षं झाली. तो त्याच्याकडेच राहू द्यावा आणि रोज त्याच्या नजरेसमोर असावा.

४. गाडी. चार दारांची, टर्बो बसवलेली, रंग एके काळी निळा. ही मुलीला. सध्या ती चालत नाही, कारण इंटरकूलर मी काढून टाकला आहे आणि नळ्यांच्या तोंडात फडकी कोंबली आहेत. नवा इंटरकूलर तिने स्वतः निवडावा, म्हणून थोडं लिहितो. वकीलबाई म्हणतात हे मृत्युपत्रात बसत नाही. बसवून घ्यावं.

पोरी, सायकलमध्ये हवा भरताना पंप खालून तापतो ना, तसंच इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या टर्बोचं. हवा दाबली की तापते. तापलेली हवा विरळ, ती इंजिनाला मानवत नाही, ते आतून ठोकायला लागतं. म्हणून आत जाण्याआधी तिला निववायचं. तेवढंच इंटरकूलरचं काम. दुकानदार तुला सगळ्यात मोठा दाखवेल, पुढच्या जाळीतून चकाकणारा. घेऊ नकोस. त्याच्या पोटात हवा भरेपर्यंत गाडी विचार करत बसते. अगदी छोटाही नको, सिग्नलला दोन मिनिटं उभी राहिलीस की तोच तापेल. इंजिनाच्या डोक्यावर बसणाऱ्या इंटरकूलरला खालची धग लागते. पाण्याने गार होणारा चांगला असतो, पण त्याचा वेगळा पंप, वेगळी टाकी. रोज शाळेत शिकवायला जाणाऱ्या बाईने एवढा व्याप कशाला करावा? मधल्या मापाचा घे. पुढे बसव, नळ्या आखूड ठेव आणि मागच्या रेडिएटरला वारा लागेल एवढी फट सोड.

बसवल्यावर गाडी फिरवून आण, बॉनेट उघड आणि एक तळवा आत जाणाऱ्या नळीवर ठेव, दुसरा बाहेर येणाऱ्या नळीवर. पहिल्यावर हात टिकता कामा नये आणि दुसऱ्यावरून काढावासा वाटू नये. तुझी आई हे डोळे मिटून करायची. गॅरेजच्या पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे कवडसे तिच्या पाठीवर पडायचे, बोटांना खडूची पांढरी भुकटी असायची, आणि नळीवर त्या बोटांचे ठसे राहायचे. ते पुसायला मला जिवावर यायचं.

५. आता कात्रीचं. हे कलम मी चार वेळा लिहून फाडलं आहे.

गॅरेज माझ्या नावावर, पण चालवायचो आम्ही दोघं. इंजिन माझ्याकडे, ब्रेक माझ्या मेहुण्याकडे, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाकडे. गाडीचा जुना छोटा इंटरकूलर बदलायची वेळ आली तेव्हा मी भंगारातून ट्रकचा उचलून आणला. मेहुणा म्हणाला, "दाजी, ट्रकचं फुफ्फुस कशाला घालताय हिच्यात?" बायको म्हणाली, "आपल्याला बाजारात जायचंय, ढगात नाही." मी दोघांनाही हसलो. बंपर कापून तो बसवला. लोक थांबून बघायचे आणि मला ते फार आवडायचं.

मग एका सकाळी चढावर पुढे विटांची ट्रॉली आली. समोरून बस येत होती, पण लांब होती. छोट्या इंटरकूलरवर मी अशा वीस ट्रॉल्या मागे टाकल्या होत्या. मी गाडी बाहेर काढली आणि पाय दाबला. पायाखाली काहीच नव्हतं. गाडी विचार करत बसली. एक. दोन. तेवढ्यात बस जवळ आली. मी ब्रेक मारला, स्टिअरिंग आत घेतलं आणि डावी बाजू ट्रॉलीच्या कोपऱ्यावर गेली. त्या बाजूला बायको बसली होती. तिच्या डाव्या हाताची तीन बोटं पुन्हा वळली नाहीत.

विचारायला आलेल्या हवालदाराला मी म्हणालो, "ब्रेक लागले नाहीत." ते तोंडातून निघून गेलं. संध्याकाळी परत घेता आलं असतं, महिन्याने घेता आलं असतं. चारच दिवसांपूर्वी ब्रेक मेहुण्याने केले होते. त्याच आठवड्यात मी शटर ओढून चारही चाकं उघडून पाहिली. ब्रेकमध्ये काडीचाही दोष नव्हता.

दवाखान्यात बायको म्हणाली, "गाडी थांबली नाही असं नाही हो. गाडी निघालीच नाही." मी म्हणालो, "तुझ्या डोक्याला मार लागलाय, पडून राहा." तिने तो विषय पुन्हा काढला नाही.

मेहुण्याकडे गिऱ्हाईक यायचं बंद झालं. स्वतःच्या बहिणीचा हात घालवणारा, असं लोक बोलायचे, आणि मी ते ऐकून पाना पुसत उभा राहायचो. तो बस डेपोत टायर बदलायला लागला. आमच्या घरी आला नाही. दोन वर्षांपूर्वी बायको गेली तेव्हाही फाटकाबाहेर उभा होता. मी त्याला आत बोलावलं नाही. मला लाज वाटत होती आणि आजही वाटते.

६. मिळकतीत न मोडणारी एक गोष्ट. दुपारच्या झोपेत गाडी त्या चढावर असते. आवाज अजिबात नसतो. ट्रॉली नसते, बसही नसते. बायकोने हात खिडकीबाहेर काढलेला असतो आणि पाचही बोटं वाऱ्यात हलत असतात. मी पाय दाबतो, खाली काही नसतं, आणि गाडी तरंगत राहते. मी काहीतरी बोलेन म्हणून ती वाट बघते. मी बोलत नाही आणि जाग येते. हे कुणालाच देता येत नाही, म्हणून माझ्याबरोबर जावं.

७. गॅरेज, जागा आणि सर्व हत्यारं मेहुण्याला. माझ्या पश्चात कलम पाच शटर उघडं ठेवून मोठ्याने वाचावं.

८. कलम सात रद्द. वकीलबाई म्हणाल्या, सगळंच नव्याने लिहा. मी म्हटलं, खोडलेलं दिसू द्या.

झालं असं. मी मेहुण्याला गॅरेजवर बोलावून वकीलबाई आणि मुलीसमोर हे वाचायला दिलं. तो स्टुलावर बसला, चष्मा लावला, दोनदा वाचलं. मग म्हणाला, "दाजी, हे तुम्ही गेल्यावर उघडणार?"

मी हो म्हणालो.

"ताई गेली. मग तुम्ही जाणार. तेव्हा सांगायला कोण उरलं? मी सव्वीस वर्षं मान खाली घातली, आता आणखी तुमच्या मरणाची वाट बघू?"

त्याने वकीलबाईंना विचारलं, "साक्षीदार कोण आहे यावर?"

त्या म्हणाल्या, "डॉक्टर आहेत, अजून एक लागेल. पण तुम्ही नको. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. गॅरेज जाईल तुमचं. आणि साक्षीदार सहीला असतो, मजकुराला नाही."

"गॅरेज नको मला," तो म्हणाला. "मजकुराला साक्षीदार करा."

मग मीच उठून शटर वर केलं आणि कलम पाच वाचलं. रंगाऱ्याने फवारा बंद केला. समोरचे दोघे-तिघे रस्त्यातच थांबले. मुलगी खाली बसून ऐकत होती. माझ्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही. वाचून झाल्यावर उठून तिने मामाला पाणी दिलं, मला दिलं नाही. तिचं बरोबर आहे.

गॅरेज आता मुलीला. तिथे कुणाला कामाला बसवायचं ते तिने ठरवावं.

हा कागद मी वाचून, समजून, सर्वांदेखत पुरा केला.

ठिकाण: गॅरेज, शटर उघडं.
तारीख: चौदा, महिना दुसरा, सकाळचे साडेअकरा.

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार पहिले: दाखला देणारे डॉक्टर. आमच्यासमोर सही केली. (सही)

साक्षीदार दुसरे: लिहून ठेवणाराचा मेहुणा. धंदा ब्रेक दुरुस्ती. मजकूर वाचला. ब्रेक चांगले होते. (सही)