दातदुखी

बेकारी भत्त्याची अपिलं तपासणाऱ्या बाईसाहेब,

मी मुलाखतीला आले नाही, फोनही केला नाही, म्हणून तुम्ही माझा भत्ता बंद केलात. फोन मी केला होता. त्याच सकाळी, मेंढीचे चॉप्स करपले म्हणून ट्रॉयने, माझ्या नवऱ्याने, लोखंडी तवा माझ्या जबड्यावर हाणला होता.

तुमच्या ऑफिसात फोन घेणारं यंत्र म्हणालं, "फोन कशासाठी केलात ते थोडक्यात सांगा." माझ्या तोंडून नुसता घुं घुं आवाज आणि रक्त. यंत्र म्हणालं, "समजलं नाही, पुन्हा बोला." ट्रॉय हसून हसून लोळला. "बोल की गं! एरवी तोंडाचा पट्टा चालू असतो, आता का वाचा बसली?" तिसऱ्या खेपेला यंत्रानेच फोन ठेवला.

अपिलात तुम्ही कारण विचारलंत. इथे क्वीन्सलँडच्या माळावर टपालपेटी साठ किलोमीटर दूर, गाडी ट्रॉयची, आणि माझं प्रत्येक पत्र तो वाचूनच पाकीट चिकटवतो. म्हणून लिहिलं, "दात दुखत होता." काल तुमचं उत्तर आलं: दातदुखी हे पुरेसं कारण नाही.

बरोबर आहे. दुखायला तो दात तोंडात राहिलाच नव्हता.

हे पत्र पिठाच्या डब्यात ठेवतेय. ट्रॉयची गाडी अंगणात आलीय. तवा आज माझ्या हातात आहे.

तुमच्या कागदांवरची गैरहजर,
रेलीन