खोक्यातल्या दोन वायरी

१२ फेब्रुवारी, दुपार

प्रिय दादा,

मी बरी आहे, बाबाही बरे आहेत. तू बरा असशील असं धरून चालते, कारण तू काही कळवत नाहीस.

बाबांना हल्ली कमी ऐकू येतं. बारीक, वरचे आवाज गेलेच. फोनची रिंग नाही, माझी हाक नाही. खर्ज तेवढा अजून पोचतो. जन्मभर लोकांचे रेडिओ दुरुस्त केलेला माणूस गाण्याशिवाय नुसता बसून राहतो, ते बघवेना. म्हणून माळ्यावरून तुझा खोका काढला. हो, तोच, तू बनवलेला सबवूफर, नुसता खर्ज वाजवणारा.

धूळ पुसताना ते दिवस आठवले. गच्चीत तू प्लायवूड कापायचास, मी कडा घासायचे, दोघांचे केस भुशाने पांढरे. आत भरायला आईच्या गादीतला कापूस चोरला होता आपण, आणि आई महिनाभर विचारत होती, "ही गादी रोडावली कशी?"

तर, बाबांच्या जुन्या स्पीकरांच्या जोडीला लावला. बाबांच्या खुर्चीत बसलं की एक सूर असा घुमायचा की काचा थरथरायच्या, आणि त्याच्या शेजारचा सूर गायब! मग तू तेव्हा शिकवलेली युक्ती केली. खोकाच बाबांच्या खुर्चीत बसवला, गाणं लावलं आणि भिंतीच्या कडेने रांगत, जागोजागी कान देत फिरले. बाबा दारात येऊन उभे.

"काय हरवलंय गं?"

"खर्ज!" मी ओरडले. किती दिवसांनी बाबा हसले!

कपाटाच्या डाव्या बाजूला सगळे सूर सारखे लागले. खोका तिथे ठेवला, आवाज जरा उतरवला. घुमणं थांबलं. तरी आवाज पोकळच.

तो पोकळ का, हे मला माहीत होतं, दादा.

एकोणीस वर्षांपूर्वीच्या त्या रविवारी बाबांचे मित्र ऐकायला जमले होते. तू त्यांना म्हणालास, "सगळं मी एकट्याने केलं." मी चहाचा ट्रे धरून उभी होते, बोटं घासकागदाने सोललेली. तुम्ही सगळे गच्चीत गेलात तेव्हा मी खोक्याची मागची फळी उघडली आणि आतल्या दोन वायरी उलट जोडल्या, म्हणजे खोक्याचा आणि बाकीच्या स्पीकरांचा खर्ज एकमेकांना खोडून काढेल. बाहेरून लाल-काळं बरोबरच दिसत होतं. तू तीनदा तपासलंस. वाटलं, जराशी फजिती होईल. पण बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, "यात जीव नाही. तू दुरुस्त्याच कर, नवीन बनवायच्या भानगडीत पडू नकोस."

आठ दिवसांत तू घर सोडलंस. मी सोळा वर्षांची होते. तेव्हा बोलले नाही, आणि नंतर राहून गेलं असंही नाही. घाबरत होते.

काल फळी उघडून वायरी सरळ केल्या. बाबा डोळे मिटून बसले, गाणं संपेपर्यंत हलले नाहीत. मग त्यांच्या कानाशी वाकून सगळं सांगितलं. वाटलं, भडकतील.

त्यांनी खोक्याच्या मागच्या फळीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "वायरी तू उलट केल्यास. पण खोका उघडून न बघता बोललो तो मी. मेकॅनिक ना मी?"

"दादाला लिहू?"

"पत्ता आहे तुझ्याकडे?" मी वहीतला पत्ता दाखवला तशी त्यांनी वही ओढून घेतली. "मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

  माफ कर असं म्हणायचा हक्क मला नाही. बाबांसाठी ये. माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल.

तुझी,
एकोणीस वर्षं गप्प बसलेली,
धाकटी