मागच्या चाकांना ताप कशाचा?

६ जानेवारी, सोमवार

तिसऱ्यांदा! एका वर्षात तिसऱ्यांदा मागचे ब्रेक पॅड संपले. पुढचे अजून अर्ध्याहून जास्त शिल्लक. सगळ्या जगाच्या गाड्यांचे पुढचे आधी जातात, माझ्या गाडीचे मागचे. शकीलभाईंनी जुने पॅड हातावर ठेवून दाखवले, नुसता पत्रा उरलाय. आणि निदान काय? "मॅडम, तुमी हॅन्डब्रेक ओढूनच गाडी चालवून राह्यल्या. दुसरं कायीच नाई." गॅरेजमध्ये चहा पीत बसलेले तिघे हसले. त्यातल्या एकालाही मी ओळखत नाही.

मी म्हटलं, हॅन्डब्रेक वर राहिला की समोर लाल दिवा लागतो, टूं टूं वाजतं. मी आंधळी-बहिरी आहे का? तर म्हणे, "बाईमानसाचं ध्यान नसते." आणि मी समोर उभी असताना फोन लावला संजयला! गाडी माझ्या नावावर, चालवते मी, आणि रोगाची हकिकत सांगायची माझ्या नवऱ्याला. मी कुणाच्या गायीचा आजार शेजारच्या गोठ्यात जाऊन सांगते का?

७ जाने., मंगळ

नाश्त्याला संजयचा निकाल. "आता पुन्हा पॅड गेले त गाडी खामगावले दादाकडं. त्याले पायजेच हाय. तू बसनं जात जा, धामणगावले बस हाय नं." दादा म्हणजे त्याचा मोठा भाऊ.

आहे ना बस. धामणगाव बढ्याच्या माझ्या जनावरांच्या दवाखान्यापर्यंत आहे. पुढच्या वाड्या-वस्त्यांचं काय? गायी काय बसस्टँडवर येऊन विणार? एवढं बोलले, पण तो मोबाइल बघत होता.

बाबा भाकरी मोडता मोडता म्हणाले, "पोरगी ब्रेक नीट मारते. म्या शिकवली तिले." सासऱ्यांचं हे एवढं एकच वाक्य. बत्तीस वर्षं बस चालवलेला माणूस, विनाअपघाताचा बिल्ला अजून कपाटात. लग्नानंतर राजूर घाटात मला त्यांनीच गाडी शिकवली. या घरात माझ्या बाजूनं बोलणारं तेवढं एकच माणूस.

१० जाने., शुक्र

सकाळी मोताळ्याच्या पुढून फोन, गाय अडली. पोचले तेव्हा वासराचा एक पाय आत दुमडलेला. दीड तास. दोघंही वाचले. म्हातारी मालकीण हात जोडून, "बाई, तू गाडीनं आली म्हून. बसची वाट पायली असती त दोनी गेले असते." हे वाक्य कुणीतरी संजयला ऐकवा.

दवाखान्यात परत आले, गाडीच्या आडोशाला गमबूट धूत होते तर जळकट वास. मागच्या चाकाजवळ. रिमला बोट लावलं आणि ओढूनच घेतलं, इतकं गरम. दुसरं मागचं, तेही. पुढची दोन्ही कोमट. त्या गोठ्यापासून इथवर रस्ता सपाट, घाट लागलेला नाही, ब्रेक चार-पाच वेळा मारला असेल.

मागच्या पायांना ताप आहे. म्हणजे रोग आहे. रोगाला कारण असतं. आणि ते कारण "बाईमानूस" हे नसतं, एवढं तरी मी शिकलेय.

१२ जाने., रवि

रविवारी गाडी बाबांची. बादली, फडकं, गळ्यात रुमाल. डेपोत असताना पाळी सुरू व्हायच्या आधी गाडी तपासायची सवय, ती रिटायर झाल्यावरही सुटत नाही. हवा बघतील, ऑइल बघतील, दारं लावून आत बसतील, काहीबाही करतील. कुणी मदतीला गेलं की ओरडतात.

तेवढ्यात मी कारणांची यादी केली. मागे ओझं जास्त: कृत्रिम रेतनासाठीचा नायट्रोजनचा कॅन आणि औषधांची पेटी, एका जाड्या माणसाएवढंही नाही. खोडलं. चिखल-धूळ जाऊन ब्रेकच्या पिना अडकल्या: शकीलभाईंनी ग्रीस लावून दाखवल्या, सरकतात. खोडलं. डुप्लिकेट पॅड: खोका मी स्वतः फोडला. खोडलं. नव्या गाड्या वळणावर आपल्या आपण मागचा ब्रेक धरतात म्हणे: माझ्या गाडीत ते नाहीच. खोडलं. घाट: घाटात पुढचेही झिजले असते. खोडलं. राहिला हॅ.ब्रे. तो मी खाली करते. करतेच. आता तर सुटताना दांडीकडे तीनदा बघते. मला स्वतःवरच संशय यायला लागलाय. याचाच जास्त राग येतोय.

१६ जाने., गुरु

तालुक्याला मीटिंग. पार्किंगमध्ये एक साहेब, "मॅडम, हॅन्डब्रेक काढला नं?" आणि ही: ही: ही:. बुलढाण्याच्या गॅरेजमधला विनोद घाट उतरून माझ्या आधी पोचला. मी म्हटलं, "तुमच्या म्हशीचं पोट फुगलं की मला फोन करता, तेव्हा असं हसत नाही तुम्ही." साहेब मीटिंगमध्ये सटकले. बरं वाटलं, पण पाच मिनिटंच.

२१ जाने., मंगळ

आज कळलं! खामगावला औषधं आणायला गेले होते. जिनिंगजवळ एक म्हातारे मिस्त्री आहेत, कुणाशी न बोलणारे. गाडी वर उचलली. आधी मागचं चाक हातानं फिरवून बघितलं. फिरेना! मी न्यूट्रल टाकलेलं, हॅ.ब्रे. खाली. मग मला खाली वाकायला लावलं, ब्रेकवरचा एक खटका दाखवला.

"दांडी खाली हाय, पन हा खटका मागं येतच नाई. केबल लै कसली. गाडी चालू असतानीबी थोडाथोडा ब्रेक लागूनच हाय."

"मग दिवा काऊन नाही लागत?" (मी पण वऱ्हाडीवर आले.)

"दिवा दांडीचा हाय. दांडी त खालीच हाय नं. केबल कसली की पॅड झिजते, पॅड झिजला की हॅन्डब्रेक ढिला होते, मंग कोनी पुन्हा कसते. जुन्या ड्रमब्रेकच्या गाडीले चालून जाते. मागं डिस्क असली की असं कसाचं नाई."

पुढच्या दोन सीटच्या मधे, दांडीच्या रबराखाली एक नट. दहा नंबरचा पाना. त्यांनी तो ढिला केला, चाक भिंगरीसारखं फिरलं. हॅ.ब्रे. आधी दुसऱ्या दातात, म्हणजे दांडी ओढताना दोनदा कट्ट वाजलं की लागायचा, आता पाचव्यात. "असाच राहू द्या," म्हणाले.

परत येताना सरळ शकीलभाईंच्या गॅरेजला. तेच चहावाले बसलेले. त्यांच्यासमोर झाडलं. शकीलभाई, "कसम से मॅडम, म्या त्या नटाले हातबी नाई लावला." मी म्हटलं, खोटं बोलू नका, स्वतः कसायचं आणि नाव बायकांचं घ्यायचं! त्यांचं तोंड पडलं. घरी येताना गाणं म्हणत आले.

२३ जाने., गुरु

चाकं थंड. चारही! धामणगावपर्यंत जाऊन हात लावला, सकाळच्या तांब्यासारखी थंड. संजयला सांगितलं, तो म्हणे "पाहू." पाहू काय? हात लावून बघ.

२६ जाने., रवि

बाबांनी पहाटेच गाडी धुतली, मग इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून विहारात. संविधानाची उद्देशिका त्यांनीच वाचली, कागद न बघता. "दर्जाची व संधीची समानता" याला आवाज चढवला आणि माझ्याकडे बघितलं. मला हसू आलं. छान दिवस.

२७ जाने., सोम

ताप परत आला.

मोताळ्याला थांबून हात लावला, भाजला. हॅ.ब्रे. ओढून बघितला. दुसऱ्या दातात.

शकीलभाईंचा सूड? पण गाडी त्यांच्याकडे गेलीच नाही. शनिवारी संध्याकाळपासून ती आमच्या अंगणात. आमच्याच अंगणात. विचार करायचा नव्हता. केला.

२ फेब्रु., रवि

स्वैपाकघराच्या खिडकीतून बघितलं. बाबांनी दार लावून घेतलं, सीटच्या मधलं रबर उचललं, रुमालातून पाना काढला. दहा नंबरचा.

बाहेर गेले. "बाबा, काय करून राह्यले?"

"हॅन्डब्रेक पाहून राह्यलो वं. मागच्या रविवारी पायलं त पार ढिला, कोन्या येड्यानं सोडला होता काय मालूम. दर रविवारी पाहतो म्या. दुसऱ्या दातात लागलाच पायजे. आपल्या घरापुढं उतार, तू लोकाइच्या गोठ्यापुढं चढावर गाडी लावतं, मांगं लेकरं खेळत असते. गाडी घरंगळली त?" मग अभिमानानं, "जुनी गाडी दहा वर्षं अशीच सांभाळली. एक दिवस घरंगळली नाई."

जुनी गाडी ड्रमची, ही डिस्कची. हे त्यांना कुणी सांगितलंच नाही.

मी "हं" म्हटलं आणि आत आले. पोळी जळाली.

काय करू? नट गुपचूप सोडला तर पुढच्या रविवारी ते परत कसणार. सांगितलं तर ब्रेकचा माणूस ब्रेकमध्येच चुकला, तेही स्वतःच्या पोरांसमोर. नाही सांगितलं तर मी बावळट, हॅ.ब्रे. ओढून फिरणारी. आणि शकीलभाईंना मी सगळ्यांसमोर खोटारडे म्हटलंय. मला रडू आलं, ते रागानं आलं.

५ फेब्रु., बुध

नवे पॅड महिन्यात निम्मे. संजय मुद्दाम गॅरेजला सोबत आलेला. बघून नुसती मान हलवली आणि तिथूनच दादाला फोन, "रविवारी ये. घेऊन जा." माझी गाडी! मला विचारलंसुद्धा नाही.

तो फोनवर असताना शकीलभाईंची माफी मागितली. चहा पिणारे ते तिघं ऐकतील अशा आवाजात मागितली, ते माझं देणं होतं. शकीलभाई म्हणाले, "जाऊ द्या मॅडम. पन मंग कसते कोन?" मला नाव घेता आलं नाही. त्यांनी चहा मागवला.

घरी बाबा संजयवर चिडले, "पोरीची गाडी काऊन देऊन राह्यला बे? ती नीट चालवते!" संजय म्हणाला, "मंग पॅड काऊन जाते? तुमीच सांगा." बाबा माझ्यासाठी भांडत होते आणि पाना त्यांच्याच रुमालात. मी दोघांच्या मधे ताट वाढत होते. पुढच्या खेपेला जेवण कुणीही वाढा.

७ फेब्रु., शुक्र

बाबांना म्हटलं, चला माझ्यासोबत धामणगावला, लसीकरण आहे, गाडी तुम्ही बघा एकदा. खूश. घाटभर शिकवत होते, "दुसरा टाक, दुसरा टाक."

मोताळ्याच्या पुढे सपाट रस्ता. थांबले. न्यूट्रल, दांडी खाली. "बाबा, जरा ढकला." ढकलली. हलेना. पुन्हा खांदा लावला. हलेना. मग मी मागच्या चाकाकडे बोट केलं. त्यांनी रिमला तळवा लावला आणि झटक्यात काढला. पुढच्याला लावला. परत मागच्याला. त्यांनीच मला शिकवलं होतं, घाट उतरला की चाकाला हात लावून बघ, हात खोटं बोलत नाही.

उकिडवे बसून राहिले. मग, "पयले तिनी वेळेसबी असंच होतं काय वं?"

"हो, बाबा."

लसीकरण होईपर्यंत लिंबाखाली बसले. येताना दांडीला हात लागू नये म्हणून पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले होते.

मला वाटलं होतं, हे दाखवलं की मोकळं वाटेल. नाही वाटलं.

८ फेब्रु., शनि

बाबा अर्ध्या भाकरीवरून उठले. संजयनं विचारलं, "बरं नाई काय?" "बरा हाय." एवढंच. ते संजयला सांगतील याची मी वाट बघतेय. मी किती वाट बघायची? एक वर्ष लोक मला हसले तेव्हा माझ्या मानाची काळजी कुणी केली? म्हातारं माणूस, त्यांचा मान, त्यांचा बिल्ला, सगळं मीच जपायचं. आणि माझं? त्या दुमडल्या पायाच्या वासराला दीड तासाऐवजी बसच्या वेळापत्रकानं जगायला सांगायचं?

पण ते भांडले होते माझ्यासाठी. हेही खरंच.

९ फेब्रु., रवि

आज गाडी धुतली नाही. पहिल्यांदाच. बादली नळाखाली कोरडी. सकाळी माझ्या डब्याच्या पिशवीत हात घातला तर रुमालात गुंडाळलेला दहा नंबरचा पाना. बाबांनीच ठेवलेला. नट मी जाऊन सोडला, पाचव्या दातापर्यंत. चाकं फिरतात.

पाना मला दिला. म्हणजे मला सांगितलं. पण मला तर माहीतच होतं! सांगायचं आहे ते संजयला आणि दादाला.

साडेदहाला दादा आला. बाहेरच्या खोलीत बसलाय, संजय त्याला कागदपत्रं दाखवतोय. माझे कागद. दादा म्हणतो, "तिले वाईट त नाई वाटत नं?" संजय म्हणतो, "नाई रे."

मी ओट्यावर वही ठेवून हे लिहितेय. खिडकीतून अंगण दिसतं. बाबा गाडीत बसलेत, ड्रायव्हरच्या जागेवर, काचा वर करून. चावी त्यांच्याकडेच आहे. दादा दोनदा हाक मारून आला, ते उतरले नाहीत.

मी ठरवलंय. चहा संपेपर्यंत त्यांची वाट बघीन. तोपर्यंत ते आत येऊन बोलले तर बोलले. नाही तर हा पाना घेऊन मी बाहेरच्या खोलीत जाणार आणि टेबलावर ठेवणार, मग कुणाचा मान राहो न राहो.

दादाचा कप अर्धा झालाय. बाबांनी काच खाली केली.