निळ्या मच्छरदाणीची गाठ

५ जानेवारी
लग्नाला चार महिने झाले, आता कुठं प्रवीणला फिरायला न्यायची आठवण झाली. त्यात त्याचं ते गोवा! मी म्हटलं, अंदमान, न्हाईतर आपला कनेरगाव नाक्याचा ढाबा बरा.  काहून अंदमान, ते त्याला माहीत आहे. माझा भाऊ संजू तिथं नील बेटावर कामाला होता. दोन वर्षांमागं पोहायला उतरला, वर आलाच न्हाई. काहीच सापडलं न्हाई. नुसत्या चपला वाळूत होत्या म्हणे.

९ जाने.
प्र.च्या झेरॉक्सच्या दुकानात बसून राहायच्या जागा बघितल्या. त्याला तिथल्या हॅवलॉक बेटावरचं पोरापोरींचं हॉस्टेल आवडलं. एकावर एक पलंग, झाडाला झोका, संध्याकाळी गिटार. "आपल्या वयाची माणसं भेटतील." म्हटलं, नव्या नवरा-बायकोनं खाली-वर झोपायचं का? वसतिगृहात काढली तेवढी वर्षं पुरे. पोर्ट ब्लेअरच्या एसी हॉटेलात खिडकीतून भिंत दिसते. राहिल्या नीलच्या बांबूच्या झोपड्या. संजू तिथंच होता. ते पान उघडलं अन् प्र. चहा सांगायला बाहेर गेला.

११ जाने.
मी कामाला आहे त्या मेडिकलवर दुपारी गिऱ्हाईक न्हाई. पाहुण्यांनी टाकलेले झोपड्यांचे फोटो बघत काउंटरवर बसले. जुन्या फोटोंत संजू आहे. एकात मागं ट्रे घेऊन, एकात नुसता हात. कुणीतरी लिहिलंय, संजूभाई नारळ फार छान फोडतो. मेल्या, घरी कधी एक नारळ फोडला न्हाईस, असं पुटपुटले अन् जीभ चावली.

१४ जाने.
संक्रांत. तिळगूळ तसाच राहिला.
नवा फोटो आलाय, गेल्या आठवड्यातला. पलंग, निळी मच्छरदाणी, दिवसाची वर बांधून ठेवलेली. गाठ बघितली अन् फोटो मोठा केला. आमच्या घरातली गाठ! पणजा बैलावर गोणी बांधायचा, ती. दुहेरी फास, शेपूट खाली, एका ओढीत सुटते. आज्यानं ती फक्त संजूला शिकवली. दप्तर, बूट, शेळी, सगळं त्याच गाठीनं बांधायचा.
प्र. म्हणाला, "लोक जुने फोटो मागाहून टाकतात." मग हळूच, "जिता असता तर फोन केला नसता का?"
भांडले. तो बराबर बोलून राहिला, त्याचाच राग आला.

१६ जाने.
प्र.नंच झोपड्यांवाल्यांना फोन लावला, स्पीकरवर टाकला. मॅनेजर नवा आहे. निळ्या मच्छरदाण्या ह्या दिवाळीला आणल्या म्हणे, आधी पांढऱ्या होत्या. म्हणजे फोटो जुना न्हाई. गाठीचं विचारलं तर हसला. "यहाँ सब लड़के ऐसे ही बाँधते हैं, मैडम." कुणी शिकवली? "पता नहीं."
संजूनं शिकवली असंल, दुसरं काय. प्र. म्हणाला, "पोरगं काहीतरी ठेवून गेलं बघ." खूप रडले. मोकळं वाटलं.

१९ जाने.
पुसेगावजवळ तांड्यावर गेलो, याडीकडं, म्हणजे माझ्या आईकडं. तिला न सांगता अंदमानला जायचं मन होईना. ती अजून संजूचं काहीच करू देत न्हाई. "माती दिसली न्हाई, तं दिवस कशाचे घालू?" हे एकच.
फोटो दाखवला. मोबाईल डोळ्याशी नेला, पदरानं काच पुसली, पुन्हा बघितलं.
"डाव्या हातानं बांधलीया."
 संजू डावखुरा. मी म्हटलं, याडी, तिथं सगळी पोरं तशीच बांधतात, त्यानं शिकवली असंल.
"शिकवून गाठ देईल. हात कसा देईल?"
 निघताना तिनं माझं मनगट धरलं. "ती मच्छरदाणी तुमी सोडू नका. सांजच्याला सोडायला कोण येतं ते बघा. तो नसला तर नसला म्हण. मग मी दिवस घालते. पण खोटं बोलू नको."

२० जाने.
प्र.नं मला काही विचारलं न्हाई. हॉस्टेलचं पान बंद केलं अन् झोपडी घेतली. एवढंच बोलला, "झोका राहिला." मला एकदम त्याची माया आली.

८ फेब्रुवारी, नील
बोटीत ओकले. झोपडी फोटोतल्यासारखीच. दारातूनच समुद्र दिसतो, म्हणून पाठ करून बसले. निळी मच्छरदाणी वर बांधलेली आहे. डाव्या हाताची का उजव्या, मला मेलीला कळतच न्हाई. याडी पाहिजे होती.
चावी देणाऱ्या पोराला संजूचं नाव विचारलं. तो पावसाळ्यानंतर आलेला, त्यानं ऐकलंसुद्धा न्हाई. ही गाठ कुणी शिकवली रे तुला? "शाम को जो मच्छरदानी छोड़ने आता है, उसने. उसी से पूछ लो."
हिथं पाचलाच अंधारून येतं. प्र. डास मारून राहिला. "मी सोडू का?" म्हटलं, हात तर लाव!
याडीचा फोन वाजून वाजून बंद झाला. काय सांगू तिला? तो नसावा असं एक मन म्हणतं, अन् त्या मनाची मला लाज वाटते.
बाहेर पायरीशी कुणीतरी चपला काढल्या. प्र. उठला, त्याला बसवलं. दार मी उघडते.