डावा कौल

१२ जानेवारी, सोमवार
व्हिसा आला! जर्मनीत नर्सची नोकरी, तीन वर्षं. तीन फेब्रुवारीचं विमान. आनंद व्हायला हवा ना? झाला नाही. सासूबाई ताटावरून उठल्या. विनीत म्हणाला, "बघूया." नऊ वर्षांत या नवऱ्याने मला एवढंच दिलंय — बघूया!

बाबा तेवढे हसले. माझे सासरे. चौदा महिने मसुऱ्याहून कणकवलीला जर्मनच्या क्लासला त्यांनीच स्कूटरवर नेलं. सुटेपर्यंत बाहेर पेपर वाचत बसायचे.

१४ जानेवारी
बॅगेत कोकमाची सोलं, तिरफळं, मसाला भरला. सासूबाई दारातून — "वांझेक देश कित्याक नि परदेश कित्याक!" सगळं परत बाहेर काढलं. भरायचं तरी कशासाठी?

१६ जानेवारी
सासूबाईंचा हुकूम — "रवळनाथाक, गावच्या देवाक, इचारल्याशिवाय उंबरो ओलांडूचो नाय." झालं! या घरात विहीर खणायची तरी कौल, गाय विकायची तरी कौल. आता माझा नंबर.

१८ जानेवारी, रविवार
रवळनाथाच्या देवळात गुरवाने, बाळाकाकांनी, ओल्या पाकळ्या देवाच्या अंगावर लावल्या. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. बाबांना म्हणाले, "शंकरदा, काय इचारूचा ता मनात धरा." बाबांनी डोळे मिटले. आम्ही हात जोडून उभे. किती वेळ काहीच नाही.

मग डावी पडली.

"देवान राखल्यान गो बाय!" सासूबाई. विनीत म्हणाला, "झाला तर मग." जणू आंब्याची पेटी रद्द झाली. बाबा प्रसादही न घेता पायऱ्या उतरले.

१९ जानेवारी
संपलं.

२२ जानेवारी
ड्युटीवर सलाइन लावताना दोनदा शीर चुकली. खाटेवरची आजी म्हणते, "तुका काय झाला गो?" काय सांगू तिला? याच घरात, याच टोमण्यांत म्हातारी होणार मी. पुढचं काही दिसतच नाही.

जर्मनीच्या हॉस्पिटलला 'येत नाही' असा मेल लिहून ठेवलाय. पाठवायला बोट उचलत नाही. बाबा नीट जेवत नाहीत, माझ्याकडे बघतही नाहीत. त्यांना कसला राग? राग मला यायला हवा!

२४ जानेवारी
सकाळी घरापुढच्या खळ्यात भांडी घासत होते. बाबा आले. हातात माझा पासपोर्ट — सासूबाईंनी कपाटात टाकलेला.

"तन्वी, तू जावचा काय नको, ता मी इचारूकच नाय. 'माजी सून परत येतली काय?' असा इचारलंय. देवान नाय म्हटल्यान."

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"जा तू. इचारण्यात माजी चूक झाली असा घरात सांगतंय. ह्या कोणाक सांगू नको."

पासपोर्ट माझ्या ओल्या हातात ठेवून गेले.

देवाला कसं कळलं? मी तर या वहीतसुद्धा लिहिलं नव्हतं.